उचलावे कसे, आणि न उचलावे केव्हा

‘पाठीत उसण भरली’ हे तीन शब्द मराठी घरात इतके सहज उच्चारले जातात की त्यांच्यामागे काही शास्त्र असेल, असे आपल्या मनातही येत नाही. घरच्या माणसाच्या पाठीत उसण भरली म्हणजे आपण शेक देतो, तेल चोळतो, दोन दिवस स्वस्थ पडावयास सांगतो, आणि विषय तेथेच संपतो. परंतु जिचा व्यवसायच दुसऱ्याचे शरीर हालविण्याचा आहे, त्या परिचारिकेच्या पाठीत उसण भरली तर तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा त्याच खाटेशी वाकावे लागते. मग उसण येते आणि जाते असे न राहता ती येऊन मुक्कामच करते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या वसंत व्याख्यानांचा आरंभ केला, त्या परंपरेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण हे विषय शोभतात. ‘आजोबांना खाटेवर वर कसे सरकवावे’ हा विषय शोभेल काय, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर असे की, येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबावर हा प्रसंग आज ना उद्या येणार आहे, आणि ज्या विद्येशिवाय घराचे अडते ती विद्या व्यासपीठाला परकी मानण्याचे कारण नाही.

शहाडला तर हा विषय मुळीच परका नाही. कल्याणच्या बाजारात पाठीवर पोते घेऊन धावणारा हमाल, येथल्या रेयॉनच्या कारखान्यात पाळीपाळीने राबणारा कामगार, आणि सकाळी कसाऱ्याकडून येणाऱ्या गाडीत डब्याची पिशवी सावरीत ठाण्यामुंबईच्या रुग्णालयांकडे निघालेली परिचारिका, या तिघांकडे आपण वेगवेगळ्या नजरेने पाहतो. परंतु नीट पाहिले तर तिघांच्याही कामात एक गोष्ट समान आहे: वजन हलविणे. फरक एवढाच की पहिल्या दोघांच्या ओझ्याचा विचार समाजाने थोडाबहुत केला आहे. १९४८ सालच्या फॅक्टरी कायद्याच्या ३४ व्या कलमाने, इजा होईल इतके जड ओझे कोणाही कामगारास उचलावयास लावू नये असा दंडक घातला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने माणसाने उचलावयाच्या कमाल वजनाविषयी करार केला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असेही म्हटले. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पोत्याचे वजन कमी करण्याचा आग्रह धरला, आणि शंभर किलोंचे पोते पुढे पन्नासावर आले.

पोते निम्मे करता आले. रोगी निम्मा करता येत नाही. सत्तर किलोंचे आजोबा सत्तर किलोंचेच राहतात. परिचारिकेच्या प्रश्नाचा सारा अवघडपणा या एका गोष्टीत आहे, आणि तो आम्हांस स्वतःला फार उशिरा उमगला.

तो कसा उमगला ते सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी परिचारिकांच्या एका लहानशा वर्गास ‘ओझे सुरक्षितपणे कसे उचलावे’ हे शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही फळ्यावर दोन चित्रे काढली. एका चित्रात कमरेतून वाकून पेटी उचलणारा माणूस, दुसऱ्यात गुडघे वाकवून पाठ ताठ ठेवून तीच पेटी उचलणारा माणूस. पहिल्यावर फुली मारली, दुसऱ्यावर बरोबरची खूण केली, आणि मोठ्या समाधानाने विचारले, ‘काही शंका?’ मागच्या बाकावरच्या एक वयस्क सिस्टर उठून म्हणाल्या, ‘सर, तुमच्या पेटीला कड्या आहेत. आमच्या आजोबांना कुठे धरायचं? आणि गुडघे वाकवले तर ते खाटेच्या लोखंडाला लागतात, त्याचं काय?’ वर्ग हसला. आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते पुष्कळसे अशा सिस्टरांकडून, आणि थोडेफार पुस्तकांतून.

प्रथम पाठ दुखते का ते पाहू. आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि दोन मणक्यांमध्ये एकेक मऊ चकती. ही चकती गादीसारखी दाब सोसते. आता घरी एक प्रयोग करून पाहावा. पाण्याने निम्मी भरलेली बादली छातीजवळ धरून उभे राहावे, आणि मग तीच बादली हात लांब करून धरावी. पाणी थेंबभरही वाढत नाही, पण बादली दुसऱ्या खेपेस कितीतरी जड वाटते. हा तरफेचा खेळ आहे. पुढे धरलेले ओझे कण्याला पुढे वाकवू पाहते, आणि त्याला मागून तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्यांच्या सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावर असतात. ओझे सांध्यापासून ५० सेंटिमीटर पुढे असले तर स्नायूंना दहापट जोर करावा लागतो. म्हणजे २० किलोंसाठी २०० किलोंची ओढ; आणि ती ओढ व ओझे या दोहोंचा भार त्या चकतीवर. शिवाय वाकलेल्या माणसाच्या स्वतःच्या धडाचे वजन वेगळेच. परिचारिका खाटेच्या पलीकडच्या कडेला झोपलेल्या रोग्यासाठी हात लांबवते, तेव्हा तिच्या पाठीत नेमके हेच घडते.

हा दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. स्वीडनमधील नाखेमसन यांनी १९६० च्या सुमारास जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तो मोजण्यास आरंभ केला. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बारीक मापक बसवून दिवसभराच्या हालचालींचा दाब नोंदला. स्वस्थ उभे असताना तो ०.५ मेगापास्कल होता. २० किलोंचे ओझे अंगाजवळ धरले तेव्हा १.१ झाला, तेच छातीपासून ६० सेंटिमीटर दूर धरताच १.८ वर गेला. पाठ गोल करून तेच ओझे जमिनीवरून उचलले तेव्हा २.३, आणि गुडघे वाकवून नियमाप्रमाणे उचलले तेव्हा १.७.

या आकड्यांत दोन धडे आहेत. रीत बरोबर असली तर दाब पुष्कळ कमी होतो, हा पहिला. पण रीत कितीही बरोबर असली तरी २० किलोंच्या ओझ्याने दाब उभे राहण्याच्या तिपटीहून अधिकच राहतो, हा दुसरा. पहिला धडा सर्व जण शिकवितात. दुसरा आम्हीही शिकवीत नव्हतो.

मग माणसाने दुसऱ्या माणसाला किती उचलावे? अमेरिकेतील टॉमस वॉटर्स या अभ्यासकाने २००७ साली याचा हिशेब मांडला. परिस्थिती अनुकूल असली तरी रोग्याच्या देहाचे सुमारे १६ किलोंहून अधिक वजन हातांवर घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो. म्हणजे ही मर्यादा जवळजवळ निम्म्या सिलिंडराची झाली. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे सहाव्या भागाइतका असतो. शंभर किलोंच्या रोग्याचा नुसता पाय प्लास्टरसाठी उचलून धरला तरी ही मर्यादा गाठली जाते. १९९९ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात रोग्याला खाटेवरून खुर्चीत नेण्याच्या निरनिराळ्या रीती तपासल्या गेल्या. एकट्याने केल्या तर त्या साऱ्याच धोक्याच्या ठरल्या, आणि दोघांनी मिळून केल्या तरी धोका उरलाच.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘सिस्टर, नीट वाकत जा’ एवढे सांगून आपण मोकळे झालो, तर आपण तिला विद्या दिली असे होत नाही; दोष मात्र तिच्या पदरात टाकला असे होते. उद्या पाठ धरली की म्हणावयाचे, ‘शिकवले होते, तसे केले नसेल!’ २०११ साली कोक्रेन या संस्थेने जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या उचलण्याच्या शिक्षणाने पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. हे वाचून प्रथम आम्ही हिरमुसलो. परंतु शिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नसून, आपण चुकीची गोष्ट शिकवीत होतो असा आहे. शिकवावयाचे ते उचलण्याचे तंत्र नव्हे, तर न उचलता हलविण्याचे तंत्र.

ही कला आपल्याकडे आहेच. गॅसचा सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात नेताना कोणी तो कडेवर घेत नाही. तो किंचित कलता करून कडेवर गोल गोल फिरवीत नेतो. धान्याने भरलेली कोठी सरकवावयाची तर आपण खाली गोणपाट घालतो आणि गोणपाट ओढतो. रोग्याच्या बाबतीतही हेच तीन उपाय आहेत: कलविणे, वळविणे आणि सरकविणे.

कूस बदलावयाची असेल तर रोग्याला उचलण्याची मुळीच गरज नाही. ज्या बाजूला वळवावयाचे त्या बाजूला आपण उभे राहावे. रोग्याचा पलीकडचा हात त्याच्या छातीवर आणावा, पलीकडचा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवावे. मग एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कुल्ल्यावर ठेवून, आपला एक पाय पुढे व एक मागे असा पवित्रा घेऊन, अंगाचा भार पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यावा. वाकलेला गुडघा दांड्यासारखे काम करतो आणि सारा देह सहज वळतो. येथे जोर हाताचा नसून आपल्या देहाच्या झोक्याचा असतो.

उठवून बसवावयाचे असेल तर प्रथम रोग्याला कुशीवर घ्यावे. त्याचे दोन्ही पाय खाटेखाली सोडावे, आणि त्याला खालच्या कोपरावर व वरच्या तळहातावर भार देण्यास सांगावे. पाय खाली जातात तसतसे धड वर येते. तराजूचे एक पारडे खाली गेले की दुसरे वर यावे, तसे हे आहे. उताणा झोपलेल्या माणसाचे दोन्ही हात धरून त्याला ओढून बसविण्याची आपली घरगुती रीत मात्र टाकून द्यावी.

उभे करताना रोग्याची पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत आणि त्याला पुढे झुकावयास सांगावे, इतके की नाक पायाच्या बोटांवर यावे. नाक पुढे आले की बूड आपोआप हलके होते. ज्याच्या पायात बळ कमी आहे त्याच्या दुबळ्या गुडघ्यास आपल्या गुडघ्याने अटकाव द्यावा. त्याला आपल्या गळ्यात हात घालू देऊ नये. पडताना तो आपल्यालाही घेऊन पडेल. आणि तो पडूच लागला तर त्याला हवेत झेलण्याचा पराक्रम करू नये. त्याला आपल्या अंगाशी धरून, आपल्या मांडीवरून घसरत हळूहळू जमिनीवर बसू द्यावे.

सर्वांत अधिक इजा होते ती खाटेवर खाली घसरलेल्या रोग्याला वर घेताना. दोघे दोन बाजूंनी येतात, बगलेत हात घालतात आणि ‘हैश्शा’ करून ओढतात. ही रीत दोन्ही पक्षांस घातक आहे. उचलणाऱ्याची पाठ वाकडी होऊन पिळवटते, आणि रोग्याचा खांदा, विशेषतः पक्षाघात झालेल्या बाजूचा, सांध्यातून निसटू शकतो. शिवाय माकडहाडापाशी कातडी चादरीवर घासली जाऊन व्रणाची सुरुवात होते ती वेगळीच. येथे सरकविण्याचा उपाय करावा. रोग्याच्या पाठीखाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, दुमडलेली आडवी चादर असावी. त्याखाली गुळगुळीत नायलॉनच्या कापडाची दुहेरी घडी सरकवावी, म्हणजे कापडावर कापड घसरते. ज्या शहाडात रेयॉनचा चकचकीत धागा निघतो तेथील लोकांस, खरखरीत सुती कापड आणि गुळगुळीत कापड यांत काय अंतर असते, हे आम्ही सांगावयास नको. खाटेची चाके बांधावीत, डोक्याकडची बाजू सपाट करावी, रोग्यास हनुवटी छातीला लावून पायाने रेटा देण्यास सांगावे, आणि चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरून दोघींनी एकदम सरकवावे. काम झाल्यावर ते गुळगुळीत कापड आठवणीने काढून घ्यावे, नाहीतर रोगी पुन्हा खाली घसरेल, अथवा खाटेवरूनही.

‘एकदम’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. ‘एक, दोन, तीन’ म्हणावयाचे, पण जोर ‘तीन’ला करावयाचा की ‘तीन’नंतर, हे आधी ठरलेले नसते. एकीने आधी ओढले, दुसरीने मागाहून, की सारे ओझे क्षणभर एकीच्याच पाठीवर येते. म्हणून आम्ही वर्गात पहिला तास उचलण्याचा घेत नाही, बोलण्याचा घेतो. हुकूम एकीनेच द्यावयाचा, आणि तो रोग्यालाही ऐकू गेला पाहिजे. ‘आजी, आता तुम्हांला या कुशीवर घेते हं,’ एवढे सांगितले की भेदरून आखडलेले शरीर सैल पडते, आणि सैल शरीर स्वतःही थोडी मदत करते.

दुसऱ्या तासाला प्रत्येक विद्यार्थिनीने रोगी व्हावयाचे. डोळे मिटून खाटेवर पडावयाचे आणि इतरांनी तिला वळवावयाचे. बगलेतून ओढल्यावर काय वाटते हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला पुढे नियम पाठ करावा लागत नाही. या तासाला वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांनाही बसविले पाहिजे, कारण ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा तेच असतात. सिस्टर एक रीत शिकली आणि मामा दुसऱ्याच रीतीने ओढू लागला, तर शिकलेले व्यर्थ जाते.

येथे आम्हांस एका उदाहरणाचे स्मरण होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि पुढे त्यांच्या जागी आलेल्या पिढ्यांनी, त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ७ मार्च २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. आपण हे वाचतो आणि धन्य म्हणतो. पण दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम धरून हिशेब केला, तर साडेएकेचाळीस वर्षांत ही संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जाते. सेवा, ममता, निष्ठा हे शब्द खरेच आहेत. परंतु त्या शब्दांच्या तळाशी कोणाची तरी कंबर इतक्या वेळा वाकलेली असते. जी सेवा आपण पूज्य मानतो, ती करणारीची पाठ शाबूत राहील अशी व्यवस्था करणे हा त्या पूजेचाच भाग मानला पाहिजे.

ती व्यवस्था फार खर्चाची आहे असेही नाही. इंग्लंडात १ जानेवारी १९९३ पासून या विषयाचे नियम लागू झाले. त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: उचलणे टाळता येत असेल तर टाळा, टाळता येत नसेल तर धोका आधी तोला, आणि मग तो कमी करा. रोगी उचलण्याचा यांत्रिक पाळणा सर्वांत उत्तम खरा, पण तो येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक वॉर्डात दोन गुळगुळीत कापडे, खाट व ट्रॉली यांच्यामध्ये पूल म्हणून टाकावयाची एक गुळगुळीत फळी, कंबरेच्या उंचीला वर घेता येतील अशा काही खाटा, आणि रात्रपाळीस बोलावल्यावर येणारी हातांची दुसरी जोडी, एवढे प्रथम झाले पाहिजे. यांतली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. ती नेमावी लागते. त्या वयस्क सिस्टरांनी खाटेच्या लोखंडाविषयी जे विचारले होते त्याचे उत्तर येथे आहे. खाट वर आली की गुडघे वाकविण्याची पाळीच येत नाही. खाट वर येत नसेल तर एक गुडघा गादीवर टेकवून रोग्याच्या जवळ जावे, म्हणजे हात लांबवावे लागत नाहीत.

राहता राहिलो आपण, म्हणजे रोग्याचे नातेवाईक. आपल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसविण्यास एकटी सिस्टर तयार होत नाही आणि ‘थांबा, मामांना बोलावते’ म्हणते, तेव्हा आपल्याला राग येतो. पैसे देऊन कामचुकारपणा, असे आपण पुटपुटतो. पुढच्या खेपेस असे पुटपुटण्याआधी अर्ध्या सिलिंडराचा हिशेब आठवावा. ती टाळाटाळ करीत नसते, आपल्या माणसाचा खांदा आणि स्वतःची पाठ दोन्ही सांभाळीत असते. मामा येईपर्यंत पाच मिनिटे लागतील. तोवर आजोबांचे पाय नीट खाली टेकले आहेत की नाही, आणि खुर्चीची चाके बांधली आहेत की नाही, एवढे आपण पाहून ठेवावे.